डाव्या पंखाची वाटणी

मी, खाली सही करणारा एकनाथ बहिरू माझिरे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा पूर्वी सळई-सिमेंट विक्री व सध्या विमानबांधणी, राहणार भुकूम, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. नशापाणी केलेलं नाही. डॉक्टरांनी ते बंद केलं आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पत्नी सौ. शुभांगी हिच्या मते विमानाची पेटी ट्रकमधून उतरली त्याच दिवशी ते ठिकाणावरून सुटलं, परंतु वकील शैलेश यांनी खुलासा केला आहे की बायकोचं मत म्हणजे वैद्यकीय दाखला नव्हे.

येत्या गुरुवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, आणि लगेच काही झाल्यास आमची जबाबदारी नाही अशा कागदावर माझी सही घेतली. म्हणून मीही माझ्या बाजूने कागद करून ठेवतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरदार, पैसाअडका यांच्या वाटण्या सरळ आहेत, त्यासाठी मी वकिलांना त्रास दिला नसता. हा सगळा खटाटोप डाव्या पंखासाठी आहे. तो पंख नीट झाल्याशिवाय माझा मुलगा अमोल त्या विमानात बसू नये, एवढीच माझी खरी इच्छा आहे.

आणखी एक. वकिलांनी मसुद्यात सगळीकडे ‘छिद्र’ असा शब्द घातला होता. मी तो खोडून ‘भोक’ केला आहे. छिद्रं बासरीला असतात. पत्र्याला भोक असतं.

कलम १. भुकूम येथील राहतं घर, त्यामागच्या भाड्याच्या खोल्या आणि अंगण हे सर्व माझ्या पश्चात शुभांगीचं. खोल्यांचं भाडं तिनेच घ्यावं. हिंजवडीला नोकरी करणारी भाडेकरू मुलं चांगली आहेत, फक्त त्यांना गच्चीवर पाण्याच्या टाकीत बिअरच्या बाटल्या गार करायला ठेवू देऊ नये. त्या पाण्याने आम्ही तोंड धुतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते निम्मं शुभांगीला, निम्मं अमोलला. अमोलच्या वाट्याला एक अट आहे, ती कलम ७ मध्ये सांगितली आहे. त्याने लगेच तिकडे उडी मारू नये, क्रमाने वाचावं.

कलम ३. माझे मेहुणे कैलास यांचं मुळशी धरणाच्या रस्त्याला हॉटेल आहे. मी आजारी आहे हे कळल्यावर ते भेटायला आले, नारळपाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “दाजी, वाईट वाटून घिऊ नका, पन तुमच्या माघारी त्ये इमान माझ्या हाटेलाच्या पत्र्यावर बसवूया का? लई भारी शेल्फी पॉइंट हुईल. पंख काय, येल्डिंग करून घिऊ.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सबब, कैलास यांना विमान ज्या लाकडी पेटीतून आलं ती रिकामी पेटी देण्यात यावी. ती त्यांनी खुशाल हॉटेलावर चढवावी आणि लोकांना सांगावं की विमान आत्ताच गेलं.

कलम ४. युनूस मुलाणी, राहणार पौड, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा, माझा शाळेपासूनचा दोस्त, यास माझ्याकडून काहीही मिळणार नाही. कारण त्याला माहीत आहे.

कलम ५. ज्यांना कारण माहीत नाही त्यांच्यासाठी. (वकील म्हणाले की मृत्युपत्रात गोष्ट सांगायची नसते. मी म्हणालो, मग मी मेल्यावर कोण सांगणार? युनूस? तो सगळं माझ्यावर ढकलेल.)

आमच्या शेताशेजारी अकरा मजल्यांची इमारत झाली. जमीन मीच विकली होती, सळईही मीच पुरवली होती, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची? पण त्या इमारतीतले लोक सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहतात आणि खाली आमच्या न्हाणीघराकडे बघतात. शुभांगीने न्हाणीवर ताडपत्री टाकली. मी मात्र ठरवलं की एकदा तरी त्यांच्या गच्चीवर आपण वरून बघायचं. त्यांनी तिथे काय काय वाळत घातलंय ते मोजायचं.

हे मी युनूसला बोललो. दुसरा कोणी असता तर हसला असता. तो म्हणाला, “दोन शिटांचं घे. मी बी येतो.”

अशा रीतीने घरी बांधायचं विमान आलं. सुटे पत्रे, पट्ट्या, चाकं, इंजिन आणि एक जाड पुस्तिका. शुभांगीने म्हशी आधीच विकल्या होत्या, त्यामुळे गोठा मोकळा होता. तिने तिथे सरपण रचलं होतं, ते काढावं लागलं. त्यावर ती म्हणाली, “ह्ये इमान काय उडायचं न्हाई. माजं सरपन तेवढं पावसात गेलं.” आमच्याकडे विमानाला जुनी माणसं इमानच म्हणतात. युनूसला हा शब्द इतका आवडला की त्याने शेपटीवर लाल रंगात ‘इमान’ असं लिहून टाकलं. विमान तयार व्हायच्या आधी त्याचं नाव रंगवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

उजवा पंख सुरेख झाला. आता डावा.

पंखाच्या आत एक लांब पट्टी असते, तो त्याचा कणा. त्यावर बाहेरून पत्रा बसतो. कण्याला ओळीने भोकं, पत्र्याला ओळीने भोकं. भोकावर भोक आलं की त्यातून रिव्हेट घालायचा, म्हणजे एक छोटा पोकळ खिळा, जो ओढला की पलीकडून फुगतो आणि दोन्ही पत्रे घट्ट धरून ठेवतो. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की पत्रा कण्यावर ठेवून दोन्हींतून एकदमच ड्रिल मारावं. उजव्या पंखाला आम्ही तसंच केलं होतं. डाव्याच्या वेळी आम्हाला वाटलं, आता आपण शिकलो. पत्रा युनूसने त्याच्या गॅरेजवर नेला, कारण त्याच्याकडे लांब टेबल आहे. कणा माझ्याकडे गोठ्यात राहिला. पुस्तिका त्याच्याकडे. मी फोन करून विचारलं, भोकं किती अंतरावर? पुस्तिकेत दीड इंच होतं. युनूसने ते त्याच्या पद्धतीने, म्हणजे कारागिरांच्या सुताच्या मापात वाचलं आणि म्हणाला, “दर बारा सुतावर एक.”

मी आयुष्यभर सळई विकली. बारा एमएमच्या सळईला सगळं भुकूम, सगळं घोटावडं, सगळं नेरं चार सुती म्हणतं. चार सुतं म्हणजे बारा एमएम, तर एक सूत म्हणजे तीन एमएम. हे लहान मूलही सांगेल. बारा सुतं म्हणजे छत्तीस. मी छत्तीस-छत्तीसवर खुणा केल्या आणि पूर्ण कण्याला भोकं पाडली. एक सुद्धा वाकडं नाही.

तिकडे युनूसने इंचाच्या पट्टीने आठ सुतांचा एक इंच धरून भोकं पाडली. ती अडतीस एमएमवर आली. तीही एक वाकडं नाही.

मग आम्ही गोठ्यात पत्रा कण्यावर ठेवला. पहिलं भोक भोकावर बसलं. युनूस म्हणाला, “जुळलं की सूत!” दुसऱ्या भोकात अर्धं भोक दिसलं, चंद्रकोरीसारखं. तिसऱ्यात काहीच दिसेना. चौथ्याला आम्ही दोघंही वाकून आपापली पट्टी लावून बघत होतो.

मग बोललो.

“आट सुताचा इंच,” युनूस म्हणाला. “शाळंत मास्तरनी शिकीवलंय. तुला तवा बी आलं न्हाई आन आत्ता बी न्हाई.”

मी त्याला चार सुती सळईचं उदाहरण दिलं. त्यावर तो म्हणाला, “आन धा एमएमच्या सळईला काय म्हनतूस?”

“तीन सुती.”

“मंग कर की भागाकार! तुजं सूत सळईगनिक बदलतंय व्हय रं?”

याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते इथे देण्याची गरज नाही.

मग दुरुस्ती सुरू झाली. युनूसने गाडीच्या चासीची भोकं जुळवतात तशी एक निमुळती सळी आणली, दुसऱ्या भोकात घातली आणि हातोडीने ठोकून पत्रा ओढून बघितला. पत्र्याला पोक आलं. नंतर ते भोक गोल कानशीने वाढवून बघण्यात आलं, ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं झालं. हे कोणी केलं याबाबत दोन मतं आहेत. माझ्या मते युनूसने केलं, कारण कानस त्याची होती. त्याच्या मते मी केलं, कारण ती माझ्या हातात होती.

शेवटी तो म्हणाला, “तू सळईच इक. इमान बांदनं तुजं काम न्हाई.” मी म्हणालो, तू गाड्यांना पुट्टी फास, तुझ्या पुट्टीवर अर्धं पौड चालतंय. हे लागलं त्याला. त्याने पट्टी उचलली, स्कूटरला किक मारली आणि गेला. ही गोष्ट गेल्या वर्षी संक्रांतीनंतरची. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

ईदला त्याच्या घरून डबा भरून शीरखुर्मा आला. त्याची बायको शमशाद स्वतः घेऊन आली आणि शुभांगीला म्हणाली, “ह्यो तुमच्यासाटी हाय. त्यांच्यासाटी न्हाई, आसं सांगायला सांगितलंय.” शुभांगी शेजारी गेली होती तेवढ्यात मी तो खाल्ला. दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे फराळ पाठवला आणि तसाच निरोप दिला. डबा चाटूनपुसून परत आला, यावरून काय ते समजावं.

कलम ६. माझं रिव्हेट मारायचं यंत्र, ड्रिल मशीन आणि सर्व हत्यारं युनूस मुलाणी यास द्यावीत. कलम ४ मध्ये काहीही मिळणार नाही असं म्हटलं आहे ते रागात होतं. पण ते खोडू नये, तेही खरं आहे.

कलम ७. आता मूळ मुद्दा.

अमोल शनिवार-रविवार जाऊन विमान चालवायला शिकला आहे. परवानग्यांचे कागद तो रीतसर करतो आहे, त्याबाबत त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पण गेल्या महिन्यात तो गोठ्यात आला, डाव्या पंखाकडे बघून म्हणाला, “अण्णा, यावर एक पट्टी मारू, रंग दिला की दिसणारसुद्धा नाही. तुमचं ऑपरेशन होईपर्यंत मी तयार करून ठेवतो. आमच्याकडे असंच असतं, आधी चालू करायचं, चुका नंतर काढायच्या.” मी म्हटलं, बाळा, तुझं सॉफ्टवेअर बंद पडलं तर ते जमिनीवरच असतं ना? तो हसला. तो हसला म्हणून मी हे मृत्युपत्र लिहितो आहे.

मला मरणाची भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही, चांगलीच वाटते. पण मी नसताना तो पोरगा त्या पंखावर बसून वर जाईल या विचाराने माझी झोप उडते. ऑपरेशन त्यापुढे काही नाही.

सबब मी लिहून ठेवतो की: डाव्या पंखातली चुकलेली भोकं ओढून जुळवू नयेत. लांबट करू नयेत. पुट्टीने बुजवू नयेत. ‘मोठा रिव्हेट घातला की भागेल’ असं जो म्हणेल त्याला गोठ्याबाहेर काढावं. मोठा रिव्हेट एखाद्या किंचित सरकलेल्या भोकाला चालतो, इथे सबंध ओळच चुकली आहे. आधी किट पाठवणाऱ्या कंपनीला फोटो पाठवून लेखी विचारावं. कण्याला एवढी जादा भोकं चालणार नाहीत असं ते म्हणाले तर कणा भंगारात घालावा, जीव तुटला तरी. पत्राही नवा घ्यावा. आणि नवा पत्रा नव्या कण्यावर ठेवून दोन्हींतून एकदमच ड्रिल मारावं. फोनवर कुणीही कुणाला काहीही सांगू नये.

हे सगळं झालं की नाही, पंख उडण्याजोगा आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त युनूस मुलाणी यास राहील. त्याने हो म्हणेपर्यंत अमोलने त्या विमानात पाय ठेवू नये. ठेवल्यास त्याचा बँकेतला हिस्सा शुभांगीला जाईल.

युनूसच का, असं वकिलांनी विचारलं. तर माझ्या लग्नाला वऱ्हाड नेऱ्याला निघालं होतं. जीप फुलांनी सजवलेली, मी मुंडावळ्या बांधून पुढे बसलेलो. युनूसने गाडी काढली, वेशीपर्यंत गेला, ब्रेक दाबला आणि थांबला. म्हणाला, “ब्रेक मऊ लागतूया. उतर.” मुहूर्त टळायला आला होता. वडील ओरडले, मामा ओरडले, मी हात जोडले. तो म्हणाला, “उतर म्हनलं ना.” शेवटी मी सिमेंटच्या टेम्पोतून लग्नाला गेलो आणि बोहल्यावर पांढऱ्या पावडरीत उभा राहिलो. शुभांगीच्या माहेरी मला अजून ‘अंबुजा’ म्हणतात.

दोस्तीखातर खोटं हो म्हणणार नाही असा मला एकच माणूस माहीत आहे. माझ्या मुलाला नाही म्हणायला मला तोच पाहिजे.

कलम ८. वर ज्याची वाटणी झालेली नाही असं जे काही उरेल ते शुभांगीला.

पुरवणी, स्वहस्ताक्षरात. वरचा मजकूर टाईप होऊन आला तेव्हा वकिलांना न विचारता मी साक्षीदार म्हणून कैलास यांना बोलावलं होतं. त्यांनी कलम ३ वाचलं, चष्मा खिशात घातला आणि चहा न घेता गेले. त्यामुळे एक साक्षीदार कमी पडला. वकिलांनी दरम्यान मला न विचारता युनूसला फोन करून विचारलं होतं की तुमच्यावर जबाबदारी टाकली आहे, मान्य आहे का. त्याने फोन ठेवून दिला. आज दुपारी स्कूटर गोठ्यासमोर येऊन थांबली.

त्याने मला रामराम केला नाही. मीही केला नाही. तो वकिलांच्या हातातून कागद घेऊन पंखाशेजारी उभा राहिला आणि सगळं वाचलं. कलम ४ ला हसला. कलम ५ ला दोनदा “खोटं हाय” म्हणाला. कलम ७ वाचताना मात्र त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

“ह्ये काय लिवलंयस, एक्या?” तो म्हणाला. “तू गेल्यावर मी तुज्या पोराला न्हाई म्हनायचं? आन त्यो ऐकंल व्हय माजं? पोराला न्हाई म्हनायला बाप लागतूया.”

मी म्हणालो, बाप असेल-नसेल म्हणून तर लिहिलंय.

“म्हंजी जिता हायेस तवर माज्याशी बोलायचं न्हाई, आन मेल्यावर मला कामाला लावायचं. मी मेलेल्या मान्साची कामं घेत नसतो. पैलेच लई गाड्या पडल्यात.”

शुभांगी दारातून म्हणाली, “चा आत्ता ठिवू का भांडान मिटल्यावर?”

“आत्ताच ठिवा वैनी,” युनूस म्हणाला. “भांडान काय मिटत न्हाई.”

वकील घड्याळ बघत म्हणाले की साक्षीदार मिळाला नाही तर सगळं आज अडेल. युनूस म्हणाला, मी करतो सही. वकिलांनी त्याला समजावून सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी शंका काढेल. “मंग मला काय बी मिळत न्हाई,” असं म्हणून युनूसने वकिलांच्याच खिशातला पेन काढला आणि कलम ६ वर एक आणि कलम ७ मधल्या स्वतःच्या नावाच्या परिच्छेदावर एक अशा दोन सरळ रेघा मारल्या. वकील “अहो, अहो” करत राहिले. कलम ४ त्याने ठेवलं. खोडाखोडीवर मी सही केली आहे, ती मला मंजूर आहे.

वकील म्हणाले, आता अमोलला अडवणारं या कागदात काहीच उरलं नाही. अमोल तिथेच इंजिनाशी उभा होता. युनूस त्याच्याकडे वळून म्हणाला, “मी न्हाई म्हनल्यावर तू ह्या इमानात बसनार हायेस का?” अमोलने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “नाही, चाचा.” एवढ्या एका वाक्यासाठी मी वकिलांना तीन वेळा बोलावलं होतं.

आता कायद्याप्रमाणे परिस्थिती अशी की डाव्या पंखाची वाटणी झालेली नाही. गुरुवारी माझं काही बरंवाईट झालं तर कलम ८ प्रमाणे तो शुभांगीला जातो. हे वकिलांनी तिला समजावून सांगितलं. ती कपबशा गोळा करत होती. म्हणाली, “मला पंख नगं. तुमी घरी या.”

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करतो.

ठिकाण: भुकूम, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. मु. गोठा.
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार.

सही: एकनाथ बहिरू माझिरे

आमच्यासमक्ष वरील इसमाने पूर्ण शुद्धीत सही केली, म्हणून आम्ही साक्षीदार सह्या करतो:

१. ॲड. शैलेश, सही. (माझा पेन परत मिळालेला नाही.)

२. युनूस मुलाणी, पौड, सही. मजकूर वाचला. शुद्धीत आहे हे लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. उद्या सकाळी पत्रा उतरवणार. एकनाथने खुर्ची टाकून बसावे व तोंडाने काय बोलायचे ते बोलावे, हात लावू नये, वजन उचलायला मनाई आहे. नवीन भोके तो परत आल्यावर पाडू. तोपर्यंत मी ड्रिल कोणाला देणार नाही.